पिवळी टाकी

परचेसमध्ये, म्हणजे कंपनीच्या खरेदी विभागात, मला अठरा वर्षं झाली. आमची कंपनी भोसरी एमआयडीसीत आहे. गाड्यांना आणि ट्रॅक्टरना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट, क्लॅम्प, लहान सबअसेंब्ली आम्ही बनवतो. लेझर कटिंग, वेल्डिंग आणि तपासणी आमच्याकडे होते. बारीकसारीक प्रेसचं काम (यंत्राने दाबून पत्र्याला आकार देणं), झिंक प्लेटिंग (त्यावर जस्ताचा थर चढवणं), पावडर कोटिंग, लाकडी पेट्या हे सगळं बाहेरून करून घेतो. म्हणजे ज्या कामात ॲसिड आहे, धूर आहे, बोट जाण्याची भीती आहे, ते जवळजवळ सगळं काम आमच्या कंपाउंडच्या पलीकडे होतं. हे आज मी एका वाक्यात लिहू शकते. २०२२ सालापर्यंत मी त्याकडे तसं पाहिलंच नव्हतं.

त्या वर्षीच्या कार्तिकीला आईला घेऊन आळंदीला गेले होते. इंद्रायणीवर फेस होता. घाटाच्या पायरीपासून पार पलीकडपर्यंत पांढरा फेस, आणि वारा आला की त्याचे गोळे उडून माणसांच्या अंगावर येत होते. शेजारी लांबून चालत आलेल्या बायका हातांनी फेस बाजूला सारून तेच पाणी तांब्यात भरून घेत होत्या. आईने विचारलं, "तुमच्या कंपनीचं पाणी नाही ना गं यात?" मी लगेच म्हटलं, "आमच्याकडे पाण्याचं कामच नाही. प्लेटिंग आम्ही बाहेर देतो." आई काही बोलली नाही. तिने लांबूनच नदीला हात जोडले.

त्या फेसात घराघरातलं साबणाचं सांडपाणी असतं, तसंच कारखान्यांचंही असतं. पण "बाहेर देतो" हे माझं उत्तर मला पुढे कित्येक दिवस टोचत राहिलं.

महिनाभरात जर्मनीतल्या एका ग्राहकाची प्रश्नावली आली. १ जानेवारी २०२३ पासून तिकडे पुरवठा साखळीचा कायदा लागू होणार होता. तीन हजार किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या कंपनीने, आपल्याला माल पुरवणाऱ्यांकडे कामगारांचे हक्क आणि पर्यावरण सांभाळलं जातं का, हे पाहायचं. पुढच्या वर्षीपासून हीच अट हजार माणसांच्या कंपनीलाही. ग्राहकाने आम्हाला विचारलं, म्हणून मी आमच्या व्हेंडरना विचारलं. सगळे प्रश्न मराठीत करून पाठवले, शेवटी सही-शिक्क्याची जागा ठेवली. आठ दिवसांत सगळे कागद परत आले. सगळ्यांची सगळी उत्तरं "होय". आमच्या लाकडी पेट्या बनवणाऱ्या माणसाकडे चार सुतार आहेत आणि पाणी लागतं ते फक्त प्यायला. त्यानेही "सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे का?" यापुढे होय लिहिलं होतं.

ते कागद फाइलला लावून, वर ग्राहकाला "१०० टक्के प्रतिसाद" असं कळवता आलं असतं. बहुतेक ठिकाणी तसंच होतं. मी डायरेक्टर साहेबांकडे गेले आणि म्हटलं, मला महिनाभर दर शनिवारी बाहेर जाऊ द्या, मी स्वतः बघून येते. त्यांनी हो म्हटलं, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

पहिल्यांदा गेले ती प्लेटिंगवाल्या काकांकडे. त्यांचं युनिट तळवड्याच्या बाजूला आहे, मागच्या नाल्याचं पाणी इंद्रायणीलाच जातं. काका या धंद्यात तीस वर्षं आहेत. इतकी वर्षं मी त्यांच्याशी फोनवर फक्त दोनच गोष्टी बोलले होते: माल कधी, आणि रेट कमी करा.

आत शिरल्याबरोबर ॲसिडचा वास घशाला लागला. आधी तेल काढायची टाकी, मग पिकलिंगचं, म्हणजे गंज काढायचं, ॲसिड, मग धुवायच्या टाक्या, मग झिंकचे बाथ आणि त्यात संथ फिरणारे बॅरल. सगळ्यात शेवटी पॅसिव्हेशनच्या, म्हणजे झिंकवर गंजरोधक थर द्यायच्या, दोन टाक्या शेजारी शेजारी. एकीतलं पाणी निळसर होतं, दुसरीतलं गर्द पिवळं. पिवळ्या टाकीपाशी उभ्या असलेल्या मुलाच्या हातमोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

"ही निळी तुमच्या एक्सपोर्टची," काका म्हणाले. "आणि ही पिवळी तुमच्या ट्रॅक्टरची."

मला हे कागदावर माहीत होतं. पिवळ्या पॅसिव्हेशनमध्ये हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असतं. वर्षानुवर्षं त्याची वाफ नाकात गेली तर नाकाच्या पडद्याला भोक पडतं, कातडीवर जखमा होतात, फुप्फुसाचा कॅन्सर होतो. युरोपने जुलै २००७ पासून नव्या गाड्यांवरच्या गंजरोधक थरात ते बंद केलं, म्हणून आमच्या एक्सपोर्टच्या पार्टवर ट्रायव्हॅलंटचं, म्हणजे कमी विषारी क्रोमियमचं, निळं पॅसिव्हेशन आलं. ट्रॅक्टरच्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग मात्र १९९८ सालचं. त्यावर फिनिशच्या रकान्यात "यलो पॅसिव्हेशन" असं लिहिलेलं, आणि ते बदलायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. दोन्ही टाक्यांवर काम करणारा मुलगा एकच होता. जर्मनीतल्या गाडीच्या मालकासाठी एक रसायन वर्ज्य, आणि आपल्या मुलाच्या हाताला तेच चालतं, ही गोष्ट आमच्या ड्रॉइंगने ठरवली होती. काकांनी नाही.

मग आम्ही मागे गेलो, सांडपाण्याच्या यंत्रणेपाशी. क्रोमियमच्या पाण्याची प्रक्रिया तशी सरळ आहे. आधी पाणी चांगलं ॲसिडिक करून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचं. पिवळं पाणी हिरवं झालं की समजायचं, विषारी क्रोमियमचं साधं क्रोमियम झालं. मग चुना घालून पीएच वर आणायचा, धातू गाळात बसतो, तो फिल्टर प्रेसमधून दाबून घ्यायचा आणि रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवायचा. काकांच्या फिल्टर प्रेसची कापडं वाळून पत्र्यासारखी कडक झाली होती. ती कितीतरी दिवसांत ओली झालेली नव्हती, हे कुणालाही कळलं असतं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. काका म्हणाले, "मॅडम, खोटं नाही बोलणार. रोज चालवत नाही. पाणी साठवतो, आणि टाकी भरली की..." पुढचं त्यांनी सोडून दिलं.

"प्रदूषण मंडळाचा कन्सेंट तर आहे ना, काका?"

"आहे की. भिंतीवर फ्रेम करून लावलाय. पण मेटाबायसल्फाइटची गोणी रोखीने येते, लाइट बिल वीस तारखेला भरावं लागतं. तुमचे पैसे कितव्या दिवशी येतात, बघितलंय कधी?"

मी बघितलेलं नव्हतं. पेमेंट हा अकाउंट्सचा विषय, असं आम्ही परचेसवाले मानतो. सोमवारी ऑफिसला जाऊन काकांची मागची सहा बिलं काढली. आमच्या पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, ९० दिवस लिहिलेले, प्रत्यक्षात सरासरी ११७ दिवसांनी पैसे गेले होते. आणि रेट? किलोला १४ रुपये, चार वर्षं तोच. मधल्या काळात झिंक, ॲसिड, वीज, मजुरी सगळं वाढलं. दर एप्रिलला आमच्या मोठ्या ग्राहकाकडून कॉस्ट-डाउनचं, म्हणजे रेट कमी करा असं, पत्र यायचं, तेच पत्र मी शब्द बदलून खाली पाठवायचे. रेट वाढू दिला नाही म्हणून दोन वर्षं माझ्या अप्रेझलमध्ये चांगला शेराही आला होता. त्या शेऱ्याचे पैसे कुठून आले, हे मला त्या वाळलेल्या कापडांकडे बघून समजलं.

पुढचे दोन शनिवार काका आणि मी त्यांच्या टेबलावर बसून हिशेब केला. आम्ही घेतो त्या मालासाठी महिन्याला किती पाणी लागतं, त्यावर किती रसायन, किती गाळ, तो गाळ उचलायला आणि पुरायला किती पैसे. सगळं धरून किलोमागे साधारण पावणेदोन रुपये आले. एवढ्यासाठी नाला पिवळा जात होता.

पावणेदोन रुपये रेटमध्ये मिळवणं सोपं नव्हतं. मॅनेजमेंट मीटिंगमध्ये पहिला प्रश्न आला: पैसे वाढवून दिल्यावर तो यंत्रणा चालवेल कशावरून? प्रश्न रास्त होता. मी एक शिकले आहे, आणि कुणा परचेसवाल्याला उपयोग होईल म्हणून सविस्तर सांगते. सर्टिफिकेट तपासून काही कळत नाही. मेटाबायसल्फाइट आणि चुन्याची खरेदीची बिलं बघायची, आणि गाळ पाठवल्याच्या मॅनिफेस्टवरचं, म्हणजे वाहतुकीच्या नोंदपत्रावरचं, वजन बघायचं. किती किलो मालाचं प्लेटिंग झालं हे आपल्याला आपल्याच चलनांवरून माहीत असतं. त्या मानाने गाळ फार कमी दिसला, तर तो कुठे गेला हे विचारायला कागद लागत नाही. आम्ही ठरवलं की पावणेदोन रुपये रेटमध्ये न मिसळता पीओवर वेगळ्या ओळीत "सांडपाणी व गाळ प्रक्रिया" म्हणून दाखवायचे. ती ओळ कॉस्ट-डाउनमधून कायमची बाहेर. दर तिमाहीला मॅनिफेस्टची प्रत आली की ती ओळ चालू, नाही आली तर थांबली.

आता पैशाच्या दिवसांबद्दल. एमएसएमई कायदा २००६ चा आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय की सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत लेखी कराराने ठरवली तरी ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. २०२३ मध्ये बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. आमच्या पीओवरचे ९० दिवस कायद्यापुढे टिकणारच नव्हते. पण कुठला छोटा व्हेंडर आपल्या गिऱ्हाइकावर दावा लावेल? सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार करता येत होती, पण दुसऱ्या दिवशी शेड्यूल, म्हणजे पुढच्या मालाची मागणी, शून्य होऊ शकते, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

हालचाल झाली ती प्राप्तिकरामुळे. २०२३ च्या वित्त कायद्याने कलम ४३बी मध्ये (एच) हे पोटकलम आलं. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीबाहेर थकलेले असतील, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाहीत. २०२३-२४ च्या हिशेबालाच ते लागू झालं. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भोसरीत चहाच्या टपरीवरसुद्धा हाच विषय होता. आणि त्याच वेळी एक सल्लाही फिरत होता: व्हेंडरला सांगा, उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून असलेली सरकारी नोंद) रद्द कर, नाहीतर मध्यम उद्योगाकडून माल घ्या, त्यांना हे कलम लागत नाही. आमच्या मीटिंगमध्येही तो निघाला. माझा आवाज त्या दिवशी चढला, हे मला मान्य आहे. ज्या माणसाला कायद्याने एक हक्क दिला त्याला आपल्या वजनाने तो सोडायला लावायचा, हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, यापेक्षा सरळ लिहा की आम्हाला छोट्यांचे पैसे वापरायचे आहेत. डायरेक्टर साहेब बराच वेळ गप्प होते. मग अकाउंट्सच्या साहेबांना म्हणाले, "४५ दिवस करा. किती रक्कम लागेल ते मला सांगा."

रक्कम मोठी होती. काही ट्रेड्सवर (बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर) बिल डिस्काउंट करून, काही स्टॉक कमी करून तीन-चार महिन्यांत ते जमलं. स्टॉक कमी करताना लक्षात आलं, की आम्ही घाईघाईने मागवलेला कितीतरी माल आमच्याकडे आठवडाभर तसाच पडून असायचा. हे प्रेसच्या कामाशी जोडलेलं आहे, म्हणून आता तिकडे वळते. ते सांगायला मला सगळ्यात जड जातं.

२०२३ च्या जानेवारीत आमच्या एका छोट्या प्रेसवाल्याकडून क्लॅम्प तीन दिवस उशिरा आले. सिस्टीममध्ये "डिलिव्हरी डिले" अशी नोंद झाली, त्याचे गुण कापले गेले. मी शनिवारच्या फेरीत तिथे गेले तेव्हा समजलं की त्या रात्री एका मुलाची उजव्या हाताची दोन बोटं डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, गेली होती. बावीस वर्षांचा मुलगा. त्याचं ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड अपघातानंतर निघालं. सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या अशा अपघातांवर अहवाल काढते. पॉवर प्रेसवर बोटं जाणं आणि अपघातानंतर ईएसआयची नोंदणी होणं या दोन्ही गोष्टी त्यात पुन्हा पुन्हा आल्या आहेत. मी ते नंतर वाचलं. आधी तो मुलगा पाहिला, डाव्या हाताने पॅकिंग करत होता.

प्रेसला दोन हातांनी दाबायची बटणं होती, म्हणजे प्रेस खाली येताना दोन्ही हात बाहेर राहतात. एक बटण चिंधीने बांधून कायमचं दाबून ठेवलेलं होतं. मालकाला मी रागाने विचारायला गेले आणि त्याने माझ्यापुढे आमचीच कॉस्टिंग शीट ठेवली. त्यात ताशी ८०० स्ट्रोक, म्हणजे प्रेसचे ठोके, धरलेले होते. ते मीच धरले होते. "मॅडम, दोन्ही हातांनी बटण दाबून, चिमट्याने पार्ट ठेवून साडेपाचशे होतात. तुम्ही आठशेचे पैसे देता." आणि त्या रात्री माल का चालू होता? कारण संध्याकाळी सातला आमच्या ऑफिसातून मेल गेला होता: उद्या सकाळी माल पाहिजे. ते क्लॅम्प नंतर आमच्या स्टोअरमध्ये नऊ दिवस पडून होते. मी स्टोअरची नोंद स्वतः बघितली.

त्या मुलाच्या बोटांचं आम्ही काही करू शकलो नाही. कंपनीने त्याच्या पुढच्या उपचाराचा खर्च उचलला, आता तो आमच्याकडे तपासणीच्या टेबलावर कायम नोकरीत आहे. याला भरपाई म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कॉस्टिंग शीट मात्र आम्ही बदलली. सगळ्या हाताने भरायच्या प्रेसचं काम साडेपाचशे स्ट्रोकने पुन्हा मोजलं. आमच्या टूलरूमने पाच डायना सरकता ट्रे बसवला, म्हणजे पार्ट बाहेर ठेवून आत ढकलायचा, हात डायखाली जातच नाही. त्यानंतर वेगही बऱ्यापैकी परत आला. आठवड्याचं शेड्यूल गुरुवारी दुपारी गोठवायचं ठरलं. त्यानंतर कुणाला वाढीव माल हवा असेल तर डायरेक्टरांची सही. मार्केटिंगवाले पहिले दोन महिने माझ्याशी नीट बोलत नव्हते. आता सातच्या मेल जवळजवळ बंद झाल्या आहेत. "जवळजवळ" हा शब्द मी मुद्दाम लिहिते, कारण मागच्याच महिन्यात दोन गेल्या.

लाकडी पेट्यांचं सोपं निघालं. एक्सपोर्टच्या लाकडाला कीड मारायची प्रक्रिया लागते. मिथाइल ब्रोमाइडची धुरी देता येते किंवा लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवता येतं. मिथाइल ब्रोमाइड माणसालाही विषारी आणि ओझोनच्या थरालाही घातक. आम्ही पीओवर फक्त तापवलेलं लाकूड मागितलं, आणि देशातल्या देशात जाणारा माल परत येणाऱ्या क्रेटमध्ये टाकला.

सगळे व्हेंडर बरोबर आले असं नाही. दुसऱ्या एका प्लेटिंगवाल्याला आम्ही हीच वेगळी ओळ, हेच ४५ दिवस देऊ केले. त्याने वाढीव पैसे घेतले, मॅनिफेस्ट दिलं नाही. दोन तिमाही वाट बघून त्याचं काम थांबवलं. त्याच्या कमी रेटला दुसरं गिऱ्हाईक महिन्याभरात मिळालं, आणि त्याच्या मागचा नाला आजही वाहतोच आहे. व्हेंडर बदलून आपली फाइल स्वच्छ होते, नदी होत नाही. म्हणून काम काढून घेणं हा उपाय मी शेवटी ठेवते, आधी नाही.

राहिली ती पिवळी टाकी. ट्रॅक्टरच्या ग्राहकाला ड्रॉइंग बदलायची विनंती पाठवली. ट्रायव्हॅलंटवर सीलर दिलेल्या ब्रॅकेटचे सॉल्ट स्प्रेचे (खाऱ्या फवाऱ्यात गंज तपासायच्या चाचणीचे) रिपोर्ट जोडले. ते जुन्या पिवळ्यापेक्षा कमी नव्हते. तरी पहिला लॉट त्यांच्या गेटवरून परत आला, कारण इन्स्पेक्टरच्या हातातल्या सॅम्पलला पिवळा रंग होता आणि आमच्या मालाला चंदेरी. मी सॅम्पल, रिपोर्ट आणि पिवळ्या टाकीवरच्या मुलाच्या हातमोज्याचा फोटो घेऊन त्यांच्या डिझाइन विभागात बसले. रंग हे कामगिरीचं मोजमाप नव्हतं, जुन्या रसायनाची ओळख होती, हे त्यांच्या एका तरुण इंजिनिअर मुलीने आधी मान्य केलं आणि बाकीच्यांना तिनेच पटवलं. सात महिने लागले. नव्या ड्रॉइंगच्या फिनिशच्या रकान्यात आता "हेक्झाव्हॅलंट क्रोमियम-मुक्त" असं आहे, आणि त्याच कंपनीच्या आणखी अकरा पार्टनाही ते लागू झालं.

टाकी रिकामी करायची होती त्या शनिवारी काकांनी मला बोलावून घेतलं. उरलेलं पिवळं पाणी त्यांनी थोडं थोडं करून प्रक्रियेच्या टाकीत घेतलं. तो मुलगा, आता धड हातमोजे घातलेला, पिशवीतून मेटाबायसल्फाइट सोडत होता आणि मी काठाशी उभी होते. पाणी आधी मळकट झालं, मग हळूहळू हिरवं. फिल्टर प्रेस सुरू होती, कापडं ओली होती. टाकी दोनदा धुऊन काकांनी तिला दुसऱ्या धुण्याच्या पाण्यासाठी लावलं, म्हणजे पुढच्या टाकीतलं स्वच्छ पाणी उलटं मागे येईल आणि टँकर कमी लागेल.

जाताना त्यांनी मोबाइल दाखवला. आमचं पेमेंट त्या महिन्यात ४३ व्या दिवशी जमा झालं होतं. "पावडर कोटिंगवाल्याकडे कधी जाताय?" त्यांनी विचारलं. त्याचं युनिट त्यांच्या शेजारच्याच गल्लीत आहे. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी.